पॉइंटांवरचं बाळंतपण

तेलंगणातल्या बोथच्या मेन रोडवर सिमेंट-लोखंडाचं दुकान असलेल्या राजकुमार खंदारेची बायको सुवर्णा हिला कोणी "कशी हायेस वं?" असं विचारलं, की ती "ते बरे हायेत" असं उत्तर द्यायची. ते म्हणजे नवरा. स्वतःच्या तब्येतीची कोणी चौकशी करत असेल हे तिच्या डोक्यातच यायचं नाही. घरातल्या बाकीच्यांच्याही यायचं नाही, त्यामुळे या एका बाबतीत त्या घरात मोठं एकमत होतं.

माहेरी ती पूनम होती. बाजारहत्नूरच्या लक्ष्मणराव ढग्यांची धाकटी, मराठी शाळेतून दहावी पास झालेली. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई मथुराबाई, ज्या आता हयात नाहीत, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पूनम हे शिनेमातल्या बाईचं नाव हाये. आपल्या घरात नायी चालत." मग लग्नाच्या दिवशी राजकुमारनं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुवर्णा' असं लिहिलं, वऱ्हाडात साखर वाटली, आणि पूनम संपली. आपल्याकडं गाय विकली तर तिचं नाव तिच्यासोबत नव्या गोठ्यात जातं. सुनेला तेवढी सवलत नाही. पूनमनंही तक्रार केली नाही, कारण तक्रार ऐकणारं माणूस त्या मांडवात कोणी नव्हतं.

कागदावर मात्र जुनंच नाव चालू राहिलं. आधार काढायला ती मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलात गेली, तेव्हा तिथल्या पोरानं तेलुगूत दहावीचा मेमो, म्हणजे गुणपत्रिका मागितली आणि मेमोवर होतं ते उतरवून घेतलं. पुढं लेकीनं, हर्षालीनं, त्याच कागदांवर आईचा पासपोर्ट काढून दिला. राजकुमारनं तो पासपोर्ट उघडूनही पाहिला नाही. बायकोचा फोटो काय पाहायचा, ती रोज समोरच असते, असं तो म्हणाला आणि कपाटात टाकून मोकळा झाला.

राजकुमारचं सगळं लक्ष दुसरीकडं होतं. त्याचा साडू अमृतराव, म्हणजे सुवर्णाच्या थोरल्या बहिणीचा नवरा, बोथमध्येच बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवायचा. एका वर्षी त्यानं कंपनीचा माल ठरल्यापेक्षा जास्त खपवला आणि कंपनीनं त्याला बँकॉक दाखवून आणलं. झालं. तेव्हापासून धोंड्याच्या महिन्यात दोन्ही जावई सासुरवाडीला ताटावर बसले, की बायाबापड्या अमृतरावाभोवती जमायच्या. इमानात जेवाले काय देतात, खिडकी उघडते का, समुद्र वरून कसा दिसते. राजकुमारला अनारसे वाढून झाले की त्याच्याकडं कोणी बघायचं नाही. मानाचा भुकेला माणूस पोटाच्या भुकेल्यापेक्षा वाईट, कारण पोटाचा निदान जेवून उठतो. राजकुमार त्या ताटावरून उठलाच नाही.

"अमृत गेला तो मागच्या खुर्चीत, गुडघे नाकाले लावून," तो घरी येऊन म्हणाला. "मी जाईन तर झोपून जाईन."

झोपून जाण्याची युक्ती त्याला मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओंत सापडली. बँकेचं कार्ड घासून खर्च केला की बँक पॉइंट देते. ते पॉइंट विमान कंपनीकडं वळवले की त्यांचे माइल होतात. माइल पुरेसे साठले, की बिझनेस क्लासची पलंगासारखी पसरणारी खुर्ची जवळपास फुकटात मिळते. पण दुकानाच्या खर्चात पॉइंट साठायला आयुष्य गेलं असतं. म्हणून राजकुमारनं दुसऱ्यांचे खर्च पकडले. कापसाचे पैसे आले की लोक आदिलाबादला फ्रीज घ्यायला जायचे, तर हा त्यांच्यासोबत जायचा. बिल आपल्या कार्डावर मारायचा आणि त्यांच्याकडून रोख घ्यायचा. कोणाच्या पोरीचं सोनं, कोणाचा मोबाइल, कोणाच्या पोराची कॉलेजची फी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथं आयजीच्या जिवावर बायजी विमानात बसायला निघाली होती. लोक हसायचे, पण कार्ड मारू द्यायचे, कारण त्यांचं काही जात नव्हतं.

सुवर्णाचं मात्र एकदा गेलं. लक्ष्मणराव आजारी पडून शहरातल्या एका दवाखान्यात वारले. बिल भरल्याशिवाय प्रेत हलायचं नव्हतं. सुवर्णाच्या भावानं रोकड आणली होती, ती त्यानं खिशातून काढलीही होती.

"थांब," राजकुमार म्हणाला. "मी कार्ड मारतो. तू मले रोख दे."

मशीनला रेंज नव्हती. लक्ष्मणराव चादरीखाली, गावात लाकडं रचून माणसं खोळंबलेली, आणि जावई हातात मशीन धरून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत रेंज शोधत फिरत होता. सुवर्णा रडायची थांबून त्याच्या मागं गेली.

"अवं, राहू द्या ना आता. माणसं थांबले तिकडं."

"तुले काय समजते त्यातलं? एवढं बिल पुन्हा कधी येते?"

मशीन चालू झालं तेव्हा उन्हं कलली होती. चुर् चुर् करत कागद बाहेर आला, राजकुमारनं तो फाडून नीट घडी केला आणि पाकिटात ठेवला. सुवर्णाच्या भावानं रोख त्याच्या हातावर ठेवली, आणि त्यानंतर तो बहिणीच्या घरी कधी आला नाही. सुवर्णानं माहेरच्या दोन्ही गोष्टी, बाप आणि भाऊ, त्या एका दुपारी पोचवल्या. नवऱ्याला यातलं काही कळलं नाही.

हर्षाली बासरला कॉलेजात शिकली, तिला चांगली नोकरी लागली, आणि लग्नानंतर ती आणि तिचा नवरा जीवन दोघंही कामासाठी सिंगापूरला गेले. तिथं तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. पण हर्षालीचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरनं विमानात बसू नको म्हणून सांगितलं. जीवनला आई नव्हती. म्हणजे सुवर्णानंच जायला हवं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठंतरी जायचं होतं. तिनं डिंक आणला, मेथ्या भाजल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच होतं, की लेकीचं पोट दुखायला लागेल तेव्हा आपला हात तिच्या कमरेवर असावा. दुसरं काही तिनं देवाकडंही मागितलं नाही.

सातवा महिना लागला तसा जीवनचा फोन आला. "मामी, व्हिसाचं मी इथून करतो, पासपोर्टचे फोटो पाठवा. तिकीटही मीच काढून पाठवतो."

राजकुमारनं तिच्या हातून फोन घेतला. "जावईबापू, तिकिटाचं नका बोलू. जावयाच्या पैशानं फिरायची आमच्याकडं रीत नायी. माझ्याजवळ पॉइंट हायेत. दोघंबी बिझनेस क्लासनं येतो."

आणि शोध सुरू झाला. पॉइंटांवरच्या खुर्च्या कंपनी थोड्याच सोडते, आणि त्याही स्वतःच्या मर्जीनं. राजकुमार रोज सकाळी दुकानात उदबत्ती लावायचा आणि कॉम्प्युटरवर खुर्च्या बघायचा. कधी एकही नसायची. कधी एक असायची, दोन नसायच्या. सुवर्णा चहा घेऊन यायची आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहायची.

"एक असन तर मी एकटी जातो ना," ती एकदा म्हणाली.

राजकुमारनं तिच्याकडं नवलानं पाहिलं, म्हशीनं गल्ल्यावर बसायचं म्हटल्यासारखं. "म्हणजे त्या खुर्चीत तू बसशील? अन् मी?"

"मग साध्या तिकिटानं पाठवा मले. मागच्या खुर्चीत."

"अन् अमृतले काय सांगू? बायको मागं बसून गेली म्हणून?"

आठवा सरला, नववा सरला. डिंकाचे लाडू खवट व्हायला आले म्हणून राजकुमारनं ते चहासोबत संपवले, आणि थोडे कडक झाले होते असंही सांगितलं. एका सकाळी जीवनचा फोन आला, की पोट फाडून बाळ काढावं लागलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. सुवर्णा तेव्हा मिरच्या निवडत होती. तिनं "बरं" म्हटलं, हात धुतले, न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली आणि परत येऊन उरलेल्या मिरच्या निवडल्या. लेकीच्या कमरेवर हात ठेवायचा होता, ती वेळ निघून गेली. आता निदान तिला चार दिवस ऊन ऊन करून घालावं, तिची पाठ शेकावी, पोरीला न्हाऊमाखू घालावं, एवढंच मागणं उरलं होतं. जीवनची रजा संपत आली होती. त्यानंतर हर्षाली दिवसभर त्या घरात टाके घातलेलं पोट आणि लेकरू घेऊन एकटी राहणार होती.

आणि मग दोन खुर्च्या निघाल्या. वरातीमागून घोडं, पण निघालं. राजकुमार दुकानातून ओरडला, सुवर्णा पळत आली.

"पासपोर्ट आणू का?" तिनं दारातूनच विचारलं.

"नावं टाकाले पासपोर्ट कायले लागते? लग्नाले एवढी वर्षं झाली, बायकोचं नाव ठाऊक नायी का मले?" आणि दुसरं कोणी खुर्च्या उचलायच्या आत त्यानं भराभरा नावं टाकली, पॉइंट वळते केले आणि बटण दाबलं. सुवर्णानं तिकीट पाहिलं नाही. तिला कोणी दाखवलंही नाही. चहाच्या टपरीवर आणि अमृतरावाच्या दुकानात मात्र पसरलेल्या खुर्चीचा फोटो सगळ्यांनी पाहिला.

तिनं पुन्हा डिंक तळला, पुन्हा लाडू वळले.

निघायच्या दिवशी सकाळी हैदराबादजवळच्या शमशाबादच्या विमानतळावर बिझनेस क्लासची वेगळी खिडकी होती, खाली गालिचा होता, आणि राजकुमार नवा सफारी घालून त्या गालिच्यावर मुद्दाम हळू चालला. सुवर्णानं चप्पल काढायची का म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं डोळे वटारले. दारावरच्या जवानानं नुसते फोटो पाहून दोघांना आत सोडलं होतं. खिडकीतल्या मुलीनं दोन्ही पासपोर्ट घेतले, एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा सुवर्णाकडं पाहिलं.

"सर, टिकट सुवर्णा खंदारे के नाम से है। पासपोर्ट में तो पूनम ढगे लिखा है। ये कौन हैं?"

राजकुमारला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. मानेपासून कानापर्यंत तो लाल झाला. "एकीच औरत है मॅडम. शादी के बाद नाम बदलते हमारे में."

"तो वो नामवाला कोई कागज?"

तसा कागद नव्हता. आधारवर पूनम, पासपोर्टवर पूनम, व्हिसावर पूनम. सुवर्णा ही बाई घरच्या रेशनकार्डावर आणि लोकांच्या तोंडात होती, बाकी जगात कुठं नव्हती. मुलगी वाईट नव्हती. तिनं दोन ठिकाणी फोन केले, साहेबाला बोलावलं. साहेबानं सांगितलं, की पॉइंटांच्या तिकिटावर नाव बदलता येत नाही. ते रद्द करायचं, पॉइंट परत जमा व्हायला काही दिवस लागतात, मग पुन्हा खुर्ची शोधायची. मग ती मुलगी पडद्याकडं वाकून पाहत म्हणाली, "पीछे इकॉनॉमी में एक सीट खाली है. पासपोर्टवाले नाम से अभी निकाल दूँ? आज ही साथ में चले जाएँगे."

सुवर्णाचा जीव भांड्यात पडला. "घ्या," ती म्हणाली. "मी मागं बसतो. मले काय करायचं हाये झोपून?"

राजकुमारनं भाव विचारला, आणि ऐकून हसला. "रोखीनंच जायचं होतं तर एवढी वर्षं मी काय माशा मारल्या?"

"अवं, पोरगी एकटी हाये तिथं."

"मी जाऊन राह्यलो ना. माझं तिकीट कायले वाया घालवू? तुहं पाहू मागून."

"मग जीवनरावांले फोन करतो. ते काढतीन तिथून."

"खबरदार," तो दात आवळून म्हणाला, कारण मागं रांगेत माणसं होती. "जावयासमोर माझं नाक कापशील तर घरात पाय ठेवू देणार नायी."

फोन तिच्या हातात होता. जीवनचा नंबर वर दिसत होता, अंगठा टेकायचा अवकाश होता. खिडकीतली मुलगी तिच्याकडं पाहत थांबली होती, आणि तिच्या नजरेत स्पष्ट होतं, की कर, मी थांबते. सुवर्णानं फोन केला नाही. ही तिची चूक, आणि ती तिला मरेपर्यंत सलणार आहे. पण जिला उभं आयुष्य नवऱ्याचं नाक सांभाळायला लावलं, तिनं ते एका सकाळी कसं टाकून द्यावं, हे सांगणारं कोणी तिला भेटलं नव्हतं. बोलणाऱ्यांना बोलायला काय जातं.

राजकुमारनं लाडवांची आणि दुपट्यांची पिशवी घेतली, तेवढी घेतली. थोडं पुढं जाऊन तो वळला. सुवर्णाला क्षणभर वाटलं, की याचं मन पालटलं.

"घराची चाबी कोणाजवळ हाये?" त्यानं विचारलं.

"माझ्याजवळ," ती म्हणाली. तो मान हलवून आत गेला.

ती एकटीनं विचारत विचारत बसस्टँडला आली आणि आदिलाबादच्या बसमध्ये बसली. बस शहराबाहेर पडली तेव्हा विमानातल्या वायफायवरून बोथच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो पडायला लागले. पसरलेली खुर्ची, तिच्यावर मोजे घातलेले राजकुमारचे पाय, काचेचा ग्लास, गरम टॉवेल. अमृतरावानं "लय भारी" असं लिहिलं. राजकुमारला एवढ्या वर्षांनी हवं ते मिळालं. मग थोरल्या बहिणीनं विचारलं, की सुवर्णाचा एकबी फोटो कसा नाही?

"झोपली हाये," राजकुमारनं लिहिलं.

सुवर्णानं बसच्या खिडकीशी बसून ते वाचलं. खाली उत्तर लिहायची जागा होती. तिनं फोन पिशवीत ठेवला.

बोथ फाट्यावर उतरली तोच त्याचा फोन आला. पोचल्याचं सांगून झालं, पोरगी बरी आहे, नात आपल्यासारखी दिसते, हेही झालं. मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. "मी येईस्तोवर घरातच राह्य. दुकान उघडू नको, दाराले आतून कडी लाव. तू इथं हायेस असं म्या सगळ्यांले सांगितलं." हर्षालीला आणि जीवनला त्यानं सांगितलं होतं, की आईच्या कागदात सरकारी घोळ निघाला.

तर सिंगापूरला गेलेली सुवर्णा अंधार पडल्यावर बोथमध्ये शिरली आणि आपल्याच घरात कोंडून राहिली. दिवा लावायची ती मागच्या खोलीत. भाजी आणायला जाता येत नव्हतं, म्हणून लोणच्याशी भाकर खायची, आणि कुकरची शिटी शेजारी ऐकू जाईल म्हणून भात पातेल्यात शिजवायची. शेजारच्या रेणुकाबाई अंगणात कोणालातरी सांगत होत्या, "नशीब काढलं वं सुवर्णानं. झोपून गेली म्हणतात इमानात." सुवर्णा भिंतीपलीकडं उभी राहून ऐकत होती. एकदा तिला खोकला आला, तर तिनं तोंड उशीत दाबलं.

चार-पाच दिवसांनी दुपारी हर्षालीचा फोन आला. आवाज दबका होता. ती स्वयंपाकघरातून बोलत होती, मागं लेकरू रडत होतं. जीवनची रजा संपून तो कामावर गेला होता.

"आई, बाबांले इथली पोळी चालत नायी. ज्वारीचं पीठ आणलं जीवननं शोधून. पण भाकर थापाले वाकलं, की टाके ओढतात गं. काल ताप बी होता मले. काय करू?"

सुवर्णाही दबक्या आवाजात बोलली, शेजारी ऐकू नये म्हणून. "वाकू नको. ओट्याजवळ सरळ उभी राह्य अन् तिथंच थाप. पीठ ऊन पाण्यात भिजव, म्हणजे चिरत नायी. अन् हे पाय, वरण पातळ कर. घट्ट वरण वाढलं की ताट सारतात ते. आधी त्यांले वाढ, मग तू जेव."

सगळं एका दमात सांगून झालं, आणि मग ते तिच्या कानात शिरलं. ओली बाळंतीण, पोटाला टाके, अंगात ताप, आणि तिची आई तिला बापाचं वरण किती पातळ हवं ते सांगत होती.

"बरं, आई," हर्षाली म्हणाली आणि फोन बंद झाला.

सुवर्णानं लगेच पुन्हा लावला. नको थापू, पड जाऊन, मरू दे त्यांचं जेवण, हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. फोन राजकुमारनं उचलला.

"कायले फोन करून राह्यली तिले घडीघडी?" तो म्हणाला. "सैपाक करून राह्यली ना ती. मागून कर."

"बरं," सुवर्णा म्हणाली. मग उठून तिनं दाराची कडी नीट लागली आहे की नाही ते पाहिलं.